अ‍ॅम्बेसिडरचे पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक किट: विदर्भाच्या उन्हात आणि धुळीत कितपत टिकतं?

जुनी पेट्रोल अ‍ॅम्बेसिडर बहुतेक वर्ष शेडमध्ये उभी राहत असेल आणि लग्नसराईत, पोळ्याला किंवा तालुक्याच्या कामापुरतीच बाहेर निघत असेल, तर पॉइंटच्या (ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणाऱ्या धातूच्या दोन टोकांच्या) जागी बसणारं हे इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट घेण्यासारखं आहे. गाडी रोज चालते आणि पॉइंट नीट लावणारा मिस्त्री गावात आहे, तर घाई करू नका. डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणाऱ्या डब्याची, बुशं झिजलीत किंवा वायरिंग सडलंय, तर आधी त्यावर पैसे लावा. किट त्यानंतर.

इथे बोलतोय ते १४८९ सीसीच्या जुन्या इंजिनाबद्दल, म्हणजे इंग्लंडच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीजचं, लुकास बनावटीचा डिस्ट्रिब्युटर असलेलं. नंतरच्या १.८ लिटर इसुझू इंजिनाला यातलं काही लागू नाही. किट म्हणजे दोन वायरींचं छोटं मॉड्यूल आणि डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवरच्या चौकोनी कॅमवर बसणारी चुंबकाची रिंग. पेरट्रॉनिक्स आणि अ‍ॅक्युस्पार्क यांची याच पद्धतीची किटं परदेशातून मागवता येतात, आणि त्याच धर्तीची बिननावाची किटंही ऑनलाइन मिळतात. रिंगमध्ये चार सिलिंडरची चार चुंबकं असतात. चुंबक मॉड्यूलसमोरून गेलं की आतला हॉल सेन्सर ते ओळखतो, मॉड्यूल कॉइलचा करंट तोडतं आणि ठिणगी पडते. पॉइंट हेच काम धातूची दोन टोकं उघडून करतात. फरक एवढाच की इथे घासणारं आणि जळणारं काही नाही.

पॉइंटचा खरा त्रास उभ्या गाडीत दिसतो. दोन-तीन महिने गाडी हलली नाही की पॉइंटच्या तोंडावर बारीक ऑक्साइड चढतं. सेल्फ फिरतो, पेट्रोल येतं, पण ठिणगी नाही. मग कोणीतरी पॉलिश पेपर घालून घासतं, गाडी लागते, पण तोंडं खडबडीत होतात आणि पुढच्या वेळी लवकर जळतात. चालत्या गाडीत पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होत जातो आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे सरकतं. मालकाला हे कळत नाही, कारण सगळं हळूहळू होतं. गाडी जड वाटते, चढावर दुसरा गिअर लवकर टाकावा लागतो, इंजिन तापतं. म्हणून दर ५ हजार किलोमीटरला फिलर गेज घालून गॅप १४ ते १६ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आहे का ते बघावं लागतं. किट बसवलं की हे काम संपतं, आणि सहा महिन्यांनी किल्ली फिरवली तरी ठिणगी पहिल्या दिवसासारखीच मिळते. किटचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

अ‍ॅव्हरेज वाढतं, पिकअप दुप्पट होतो असं जे सांगितलं जातं त्यावर जाऊ नका. कॉइल तीच राहते, त्यामुळे ठिणगीची ताकद फारशी बदलत नाही. पॉइंट नीट लावलेली गाडी आणि किटची गाडी शेजारी उभ्या केल्या तर आयडलला थोडा गुळगुळीतपणा जाणवेल, बाकी फरक शोधावा लागेल. ज्यांना किट लावल्यावर गाडी नवी झाल्यासारखी वाटते, त्यांचे पॉइंट आधी बिघडलेले असतात.

किट मागवण्याआधी डिस्ट्रिब्युटर तपासा, कारण निम्म्या तक्रारी इथेच उगवतात. कॅप काढा, रोटरखालचा शाफ्ट बोटांनी आडवा हलवा. हाताला स्पष्ट खेळ जाणवला तर बुश गेलं. हॉल सेन्सरला मॉड्यूल आणि चुंबकातल्या अंतराचा थोडाफार फरक चालतो, त्यामुळे झिजलेल्या बुशावरही किट पॉइंटपेक्षा बरं चालतं. पण खेळ जास्त असेल तर रिंग मॉड्यूलला घासते आणि दोन्ही जातात. मग रोटर शाफ्ट फिरतो त्या दिशेला हाताने पिळा आणि सोडा. तो चटकन मागे यायला हवा. अडकून राहिला तर खालची, वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी अ‍ॅडव्हान्सची वजनं गंजलीत किंवा स्प्रिंग सैल झालीत. हा दोष किटने जात नाही, उलट ठिणगी पक्की झाल्यावर इंजिनाचा ठोका जास्त ऐकू येतो आणि दोष किटला दिला जातो. व्हॅक्यूमची नळी कार्ब्युरेटरकडून काढून तोंडाने ओढा आणि टोकाला जीभ लावून धरा. ओढ टिकली नाही तर प्लेट फिरवणाऱ्या व्हॅक्यूमच्या डबीतला पडदा फाटलाय.

आता ती वायर, जी कोणी बघत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या आत, व्हॅक्यूमने फिरणाऱ्या प्लेटपासून बॉडीपर्यंत बोटभरापेक्षा लहान विणलेली अर्थिंगची वायर जाते. प्लेट पुढेमागे होते तशी ही वायर वर्षानुवर्षं वाकत राहते, आणि वरचं कापडी आवरण शाबूत दिसत असताना आतली तार तुटते. पॉइंटच्या काळात प्लेट घासून कसंबसं अर्थिंग मिळत राहतं, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. किटच्या मॉड्यूलला मात्र अर्थिंग याच प्लेटमधून मिळतं. वायर तुटलेली असली तर आयडलला गाडी छान, आणि अ‍ॅक्सिलरेटर हलका सोडला-दाबला की मिस. चिमट्याने वायर हलवून मल्टिमीटरचा बीप बघा. शंका आली तरी बदला. मल्टिमीटरच्या प्रोबची मऊ, बारीक तारांची वायर इथे उत्तम चालते. घरच्या फिटिंगची कडक वायर लावू नका. ती प्लेटची हालचालच अडवते.

कॉइलचं माप घ्या. दोन्ही वायरी काढून कॉइलच्या दोन छोट्या टर्मिनलमधला ओहम मोजा, आणि प्रोब एकमेकांना टेकवून जेवढं दिसतं तेवढं वजा करा. साधी कॉइल ३ ओहमच्या आसपास येते. १२ व्होल्टला त्यातून ४ अ‍ॅम्पिअर जातात, आणि चार सिलिंडरच्या साध्या किटला हेच माप हवं. दुकानदाराने १.५ ओहमची, बाहेरून रेझिस्टर लावूनच वापरायची बॅलास्ट कॉइल दिली असेल आणि रेझिस्टर लावलेला नसेल, तर १४ व्होल्टला ९ अ‍ॅम्पिअरहून जास्त करंट जातो. पॉइंट अशा कॉइलवर काळे पडत का होईना, काही दिवस चालतात. मॉड्यूल मात्र लवकर बळी जातं. 'हाय पॉवर' कॉइल म्हणून जे विकतात, त्यातही आधी ओहमच विचारा.

अर्थिंगची बाजू तपासा. इंग्लंडच्या धर्तीच्या जुन्या गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असे, आणि अशा गाड्या अजूनही कुठे कुठे आहेत. साधी किटं निगेटिव्ह अर्थची असतात, पॉझिटिव्ह अर्थसाठी वेगळं मॉडेल मागावं लागतं. गाडी निगेटिव्हवर करायची असेल तर बॅटरीसोबत कॉइलच्या वायरी बदलाव्या लागतात आणि डायनमोची पोलॅरिटीही बॅटरीचा क्षणभर स्पर्श देऊन उलटी (फ्लॅश) करून घ्यावी लागते. जुन्या पेट्रोल जीपवाल्यांनी आणखी एक बघावं, की गाडी ६ व्होल्टची तर नाही. १२ व्होल्टचं किट तिच्यावर चालत नाही.

बसवायला सवयीच्या हाताला तास पुरतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा. हॅंडलने किंवा गिअरमध्ये गाडी ढकलून एक नंबर सिलिंडर टीडीसीवर (पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी) आणा आणि रोटरचं तोंड कुठे आहे ते बॉडीवर खडूने लिहून ठेवा. डिस्ट्रिब्युटर इंजिनातून बाहेर काढायची गरज नाही. रोटर, पॉइंट, आतला कंडेन्सर आणि बाहेर जाणारी कॉइलची वायर काढा. स्क्रू आत पडू नये म्हणून पेचकसाच्या टोकाला थोडं ग्रीस लावा. आत पडलाच तर तो शोधल्याशिवाय इंजिन फिरवू नका. प्लेट पेट्रोलच्या फडक्याने पुसा, कॅमवरचं जुनं ग्रीस काढा. किटसोबत पांढरी पेस्ट आली असेल तर मॉड्यूलच्या तळाला तिचा पातळ थर द्या. ती मॉड्यूलची उष्णता प्लेटमध्ये उतरवते. आपल्याकडे बोनेटखाली काय होतं ते नवतप्यात हात लावून कळतंच, म्हणून ही पुडी फेकू नका.

चुंबकाची रिंग कॅमच्या चार कोपऱ्यांवर जुळवून दोन्ही अंगठ्यांनी सरळ खाली दाबा. हातोडी नको, रिंगला तडा जातो. रिंगवर लोखंडाचा कीस चिकटतो, म्हणून ग्राइंडर चालू असलेल्या वर्कशॉपमध्ये ती उघडी ठेवू नका. रिंग आणि मॉड्यूलमधलं अंतर किटच्या कागदावर दिलेलं असतं. साधारण ३० थाऊची पट्टी मोकळी फिरायला हवी. इंजिन हाताने पूर्ण फिरवून चारही बाजूंनी बघा. रोटर पूर्ण खाली बसला का तेही बघा. रिंग जाड असली तर रोटर वर राहतो आणि कॅपमधल्या कार्बनला दाबून तोडतो. रोटर बदलायचाच असेल तर पितळी पट्टी रिव्हेटने ठोकलेले स्वस्त रोटर टाळा. त्यांच्या रिव्हेटमधून ठिणगी शाफ्टमध्ये उतरते, आणि अशी गाडी गरम झाली की कुठेही बंद पडते.

दोन्ही वायरी रबरी बुचातून बाहेर काढा आणि आत थोडी ढील ठेवा, कारण व्हॅक्यूमवर प्लेट फिरते. पण ढील इतकी नको की वायर फिरत्या रिंगला लागेल. लाल वायर कॉइलच्या पॉझिटिव्हला, म्हणजे जुन्या कॉइलवर एसडब्ल्यू लिहिलेल्या किल्लीकडच्या टर्मिनलला. काळी निगेटिव्हला, म्हणजे सीबी लिहिलेल्या पॉइंटच्या बाजूला. उलट जोडली तर किल्ली फिरवताच मॉड्यूल जातं, आणि कुठलाही दुकानदार ते बदलून देत नाही. पॉझिटिव्हला रेडिओचा कंडेन्सर असेल तर राहू द्या, निगेटिव्हला कंडेन्सर ठेवू नका.

प्लगच्या वायरी तांब्याच्या तारेच्या असतील तर बदला. त्यांच्यातून निघणारा रेडिओचा गोंगाट मॉड्यूलला भलत्याच वेळी चालू-बंद करू शकतो. कार्बनच्या किंवा रेझिस्टर टोपीच्या वायरी लावा. प्लगचा गॅप २५ थाऊच राहू द्या. साध्या कॉइलवर तो ३५ पर्यंत उघडून ठिणगी मोठी होत नाही, कॅप आणि रोटरवर ताण मात्र वाढतो.

यानंतर सगळे जण टायमिंग विसरतात. मॉड्यूलचा 'उघडण्याचा' क्षण पॉइंटच्या क्षणाशी जुळत नाही, त्यामुळे किट बसवलं की टायमिंग हललेलंच असतं. गाडी लागते म्हणून तसंच चालवू नका. व्हॅक्यूमची नळी काढून बंद करा, इंजिन हळू आयडलवर ठेवा आणि ठिणगीबरोबर चमकणारा स्ट्रोब लाइट मारा. या इंजिनात पुलीवर खाच आणि टायमिंग कव्हरवर दात असतात. सगळ्यात लांब दात टीडीसीचा, बाकीचे ५ आणि १० अंशांचे. खाचेवर आधी पांढरा रंग लावा, नाहीतर उजेडात काही दिसत नाही. हे काम दुपारी उघड्यावर करूच नका, संध्याकाळी करा. तुमच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे तोच ठेवा, किट लावलं म्हणून जास्त अ‍ॅडव्हान्स देऊ नका. मग व्हॅक्यूम जोडून मोकळ्या रस्त्यावर टॉप गिअरमध्ये कमी वेगातून दाबून बघा. ठोका आला तर डिस्ट्रिब्युटर शाफ्टच्या फिरण्याच्या दिशेला केसभर वळवा.

बरीच किटं नापास होतात ती व्होल्टेजमुळे. मॉड्यूलला सेल्फ फिरत असतानाही साधारण ८ व्होल्टच्या वर हवेत. बॅटरी थकली असेल तर सेल्फ मारताना व्होल्टेज ९ वर येतं, आणि जुन्या किल्ली-स्विचमध्ये, फ्यूज बॉक्सच्या हिरव्या पडलेल्या पट्ट्यांत आणखी एक-दीड व्होल्ट जातो. मग सेल्फ फिरतो पण ठिणगी नाही, आणि किल्ली सोडता सोडता एक फटका येऊन गाडी लागते. ही खूण दिसली की मॉड्यूलला हात लावू नका. इंजिन चालू असताना मल्टिमीटरचा एक प्रोब बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरा कॉइलच्या पॉझिटिव्हला लावा. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर वायरिंग दोषी.

त्यावर पक्का उपाय म्हणजे रिले. बॅटरीपासून १५ अ‍ॅम्पिअरच्या फ्यूजमधून जाड वायर रिलेच्या ३० नंबरला आणा, ८७ पासून कॉइलच्या पॉझिटिव्हला आणि मॉड्यूलच्या लाल वायरला, ८५ बॉडीला, आणि किल्लीकडून येणारी पांढरी वायर ८६ ला. रिले डिस्ट्रिब्युटरपासून लांब, इंजिनाच्या गरम बाजूला नाही अशा जागी, टर्मिनल खाली करून बसवा म्हणजे पाणी साचत नाही. किटच्या डब्यात हे काही येत नाही, पण याशिवाय जुन्या गाडीत किट बसवणं माझ्या मते अर्धंच काम आहे.

काही सवयी बदलाव्या लागतात. डायनमो चार्ज करतो का हे बघायला चालू इंजिनावर बॅटरीची केबल काढायची पद्धत गावोगावी आहे. किट असलेल्या गाडीत हे कधीच करू नका, केबल निघताच येणारा व्होल्टेजचा झटका मॉड्यूल मारतो. ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून गाडी चालू करायला हरकत नाही, ट्रकच्या २४ व्होल्टवरून नाही. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या केबल आणि मॉड्यूलच्या वायरी काढा. इंजिन बंद ठेवून रेडिओसाठी किल्ली चालू ठेवू नका. रिंग कुठे थांबली यावर कॉइलमधून करंट सतत वाहू शकतो आणि कॉइल-मॉड्यूल दोन्ही तापतात.

ऊन हा सगळ्यांचाच प्रश्न. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा, अकोल्याकडे ४५ अंशांत गाडी थांबवली की बोनेटखालचं तापमान बंद केल्यावर आणखी चढतं. चांगलं मॉड्यूल हे सोसतं. कमी दर्जाचं मॉड्यूल गरम झाल्यावर ठिणगी बंद करतं आणि अर्ध्या तासाने, थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं. पण हीच लक्षणं व्हेपर लॉकचीही आहेत, पेट्रोल पंपात आणि पाइपमध्ये वाफ झाली तरी गाडी अशीच बसते आणि थंड झाली की लागते. म्हणून गाडी बसली की लगेच, गरम असतानाच बघा: जादा प्लग वायरीला लावून त्याची बॉडी इंजिनाला टेकवा आणि सेल्फ मारा. आधी कार्ब्युरेटरवर पेट्रोल सांडलेलं नाही ना ते बघा. ठिणगी निळी आणि नेमाने येत असेल तर मॉड्यूल निर्दोष आहे, पाइपवर ओलं फडकं टाका. वायर मोकळी लोंबकळत ठेवून ठिणगी बघू नका, ती जागा शोधत मॉड्यूलमध्ये शिरते.

मॉड्यूल रेझिनमध्ये बंद असतं, त्यामुळे धूळ आणि दमट हवा त्याला सहसा लागत नाही. पण भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पावसाळ्याच्या सकाळी गाडी लागत नसेल तर कॅपमधली चीर आणि प्लगच्या वायरी आधी बघा. किट त्यावर औषध नाही. उभ्या गाडीत उंदीर या पातळ वायरी कुरतडतात, तेवढ्यापुरती वायरींवर जाड नळी चढवून ठेवा.

दुसरे पर्यायही आहेत. ल्युमेनिशनची ऑप्टिकल पद्धत पाती आणि प्रकाशाच्या किरणावर चालते आणि तिचा पॉवरचा डबा डिस्ट्रिब्युटरच्या बाहेर असतो, त्यामुळे तो थंड जागी बसवता येतो. आपल्या उन्हाला हे सोयीचं, पण किरणासमोर घाण बसू न देण्याची काळजी घ्यावी लागते. बुशं, वजनं, पडदा सगळंच गेलं असेल तर नेदरलँड्सच्या १२३इग्निशनचा पूर्ण डिस्ट्रिब्युटर विचारात घ्या. त्यात अ‍ॅडव्हान्सचे १६ तयार कर्व्ह निवडता येतात. किंमत मात्र साध्या किटच्या कित्येक पट आहे, आणि वर्षातून चारदा निघणाऱ्या गाडीसाठी ती मला पटत नाही. साध्या किटच्या पैशातही पॉइंट-कंडेन्सरचे बरेच सेट येतात, हेही धरा.

मागवताना डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवरचा ठसा वाचा, २५डी आहे की ४५डी. दोघांच्या प्लेट वेगळ्या, आणि 'अ‍ॅम्बेसिडरचं किट' एवढंच सांगून मागवलं तर चुकीचं येण्याची दाट शक्यता. किट बसवल्यावरही रोटरखालच्या स्क्रूवर दर ५ हजार किलोमीटरला दोन थेंब तेल द्या. शाफ्ट आणि अ‍ॅडव्हान्सच्या वजनांना ते लागतंच. पॉइंट नाहीत म्हणून झाकण उघडायचं बंद झालं की शाफ्ट कोरडा पडतो.

मॉड्यूल गेलं तर ते दुरुस्त होत नाही आणि तालुक्याच्या दुकानात मिळत नाही. पॉइंट मात्र नागपूर-अमरावतीकडच्या जुन्या दुकानांत अजूनही मिळतात. म्हणून काढलेले पॉइंट, कंडेन्सर, कॉइलची वायर, त्यांचे स्क्रू आणि फिलर गेज एका डबीत घालून डिक्कीत ठेवा. पॉइंट काढायच्या आधी डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीवर आणि क्लॅम्पवर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारा, किटचं टायमिंग लावून झालं की लाल रंगाची दुसरी. रस्त्यात मॉड्यूल गेलं की मॉड्यूल आणि रिंग काढून पॉइंट आणि कंडेन्सर टाका, गॅप १५ थाऊ ठेवा, डिस्ट्रिब्युटर पांढऱ्या रेघेवर फिरवा. लाल-काळ्या वायरी काढून टेप लावा आणि जुनी वायर कॉइलच्या निगेटिव्हला जोडा.